पुस्तकातला शेवट सिनेमात का बदलतात? (मुलांचे अद्भुतरम्य सिनेमे)

अस्मानी | १२ जून, रात्री ९:४०

(रसभंगाचा इशारा: या धाग्यात शेवटांबद्दलच बोलायचं आहे, त्यामुळे शेवट उघड होणारच.)

रविवारी आमच्याकडे सिनेमा संपल्यावर रडारड झाली. लेक नऊ वर्षांची आहे. सिनेमात चेटकिणी होत्या, त्यांचे मुखवटे उतरवण्याचा भयंकर प्रसंग होता, तो तिने डोळे न मिटता पाहिला. शेवट मात्र गोड होता, आणि त्या गोड शेवटापायीच ती हमसून रडली.

पुस्तक रोआल्ड डाल यांचं 'द विचेस', १९८३ चं. मे महिन्याच्या सुट्टीत रोज रात्री एकदोन प्रकरणं, असं आम्ही दोघींनी वाचलं. म्हणजे पुस्तक इंग्रजी, मी समोर धरून मराठीत सांगत जायचे. चेटकीण ओळखायच्या खुणा तिला तोंडपाठ झाल्या: बारमाही हातमोजे, टकलावर विग, पायांना बोटंच नाहीत, थुंकी निळी. पुण्यात उन्हाळ्यात स्कूटरवरची प्रत्येक बाई हातमोजे आणि स्कार्फ घालून फिरते, त्यामुळे दोन आठवडे तिने रस्ता ओलांडताना माझा हात घट्ट धरला होता.

या गोष्टीत आईवडील गेलेला एक मुलगा आणि त्याची नॉर्वेजियन आजी आहे. चेटकिणी त्या मुलाचा उंदीर करतात. आणि तो उंदीरच राहतो. शेवटी तो आजीला विचारतो, की उंदीर झालेला माणूस किती वर्षं जगतो? आजी सांगते, साधारण नऊ. आजी शहाऐंशी वर्षांची आहे. मुलाला आनंद होतो, कारण आजीच्या मागे जगायची, दुसऱ्या कोणाकडे राहायची वेळच त्याच्यावर येणार नाही. ते पान वाचून झाल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे दोघं साधारण एकदमच?" मी हो म्हटलं. "मग बरं," म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली.

१९९० च्या सिनेमात शेवटच्या दोन मिनिटांत एक सुधारलेली चेटकीण रात्री गाडीतून येते आणि त्या उंदराचा परत मुलगा करून टाकते. दिवे लागतात, सगळे हसतात. लेक ताडकन उठून उभी राहिली. "आता आजी गेल्यावर तो एकटाच राहणार ना!"

नऊ वर्षांच्या मुलीला जे दिसलं ते सिनेमा करणाऱ्यांना का दिसलं नसेल? खुद्द डाल यांनाही तो बदल अजिबात आवडला नव्हता. मला वाटतं, मुलांच्या सिनेमात भीती किती दाखवायची याचा मोठी माणसं नको तितका विचार करतात, आणि पोरांना दुःख पेलवतं यावर मात्र त्यांचा विश्वास नसतो. तुमचे अनुभव लिहा. कोणत्या पुस्तकाचा सिनेमा मुलांना पटला आणि कोणता नाही?

---

रानवाट | १२ जून, रात्री १०:२५

अस्मानीताई, धागा आवडला, पण थोडी दुसरी बाजू मांडतो.

हा सिनेमा मी लहानपणी केबलवर पाहिला, पुस्तक माहीत नसताना. मला तो शेवट झाला तेव्हा इतकं हायसं वाटलं होतं की अजून आठवतं. मुख्य चेटकीण झालेल्या अँजेलिका ह्यूस्टनचा तो चेहरा सोलून काढण्याचा प्रसंग, बाहुलीकार जिम हेन्सनच्या कारागिरांनी केलेली कातडी, ती नाकं! चेटकिणींची सभा भरलेल्या त्या हॉटेलच्या सभागृहातून सुटून आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला कोणीतरी पाठीवर हात ठेवायला हवा होता. तो हात त्या शेवटाने ठेवला.

तुमच्या लेकीकडे तुम्ही होतात. प्रकरण संपलं की पुस्तक मिटता येतं, प्रश्न विचारता येतो, "म्हणजे दोघं एकदमच?" असं म्हणता येतं आणि उत्तरही मिळतं. सिनेमा दीड तास थांबत नाही, अंधारात मूल एकटं असतं. त्यामुळे दोन्हीकडचा शेवट एकच असावा हा आग्रह मला पूर्ण पटत नाही.

---

अस्मानी | १२ जून, रात्री १०:४८

रानवाट, मुद्दा पटला. मूल एकटं असतं हे मी धरलंच नव्हतं. पण मग वाटतं, की पाठीवर हात ठेवायचा तर आजीचा ठेवावा. पुस्तकात तेच आहे. तो उंदीर आजीच्या मांडीवर बसून बोलतो. चेटकिणीने येऊन सगळं पुसून टाकलं तर त्या मांडीचं मोलच उरत नाही.

---

इसारकाठ | १३ जून, पहाटे २:१० (तुमच्याकडची वेळ)

म्युनिकहून लिहितेय. इथे या विषयावर गप्प बसणं शक्यच नाही, कारण बदललेल्या शेवटाचं सगळ्यात मोठं भांडण आमच्याच गावात झालं.

मिखाएल एन्डे यांचं 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' १९७९ मध्ये जर्मनमध्ये आलं. माझ्या मुलीला शाळेच्या ग्रंथालयातून मिळालं, तेव्हा आधी मी त्याची छपाईच बघत बसले. आपल्या जगातला मजकूर तांबड्या शाईत, अद्भुत देशातला हिरवट निळ्या शाईत. प्रकरणं सव्वीस, आणि प्रत्येक प्रकरणाचं पहिलं अक्षर ओळीने ए, बी, सी असं करत झेडपर्यंत. पोरांनी पुस्तक हातात घेतलं की त्यांना कळतं, हे आपल्यासाठी कोणीतरी जीव लावून केलंय.

वोल्फगांग पेटरसन यांचा सिनेमा १९८४ चा. इथल्या बावारिया स्टुडिओत झाला, त्या काळातला जर्मनीतला सगळ्यात खर्चिक सिनेमा. आजही तिथे गेलं की तो पांढरा लांबलचक ड्रॅगन आहे, त्याच्या पाठीवर बसता येतं. मुलगी सहा वर्षांची असताना बसली होती, फोटो घरात लावला आहे. म्हणजे सिनेमाबद्दल आमच्या मनात राग नाही, हे आधीच सांगते. दलदलीत घोडा बुडतो तो प्रसंग पाहून इथली एक पिढी रडली आहे. (पुस्तकात तो घोडा बोलतो, आणि मला मरताना बघू नकोस, निघून जा, असं मालकाला सांगतो. ते वाचताना माझा आवाज फुटेना.)

पण सिनेमा पुस्तकाच्या अर्ध्यावरच संपतो! बास्टियान नावाचा तो घाबरट, आई गेलेला मुलगा पुस्तक वाचता वाचता अद्भुत देशाच्या सम्राज्ञीला नवं नाव देतो, तो देश वाचवतो, आणि मग तो ड्रॅगनवर बसून आपल्या गावात येतो आणि त्रास देणाऱ्या पोरांना पळवून लावतो. टाळ्या. पुस्तकात ते पळवणं नाहीच. नाव दिल्यावर बास्टियान त्या देशात जातो आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. तिथे तो मागेल ते मिळतं: रूप, ताकद, कीर्ती. प्रत्येक इच्छेबरोबर मात्र घरची एक आठवण पुसली जाते. तो गर्विष्ठ होतो, जिवलग मित्रावर तलवार उगारतो. एका गावात त्याला अशी माणसं भेटतात ज्यांच्या सगळ्या आठवणी संपल्या, त्यामुळे त्यांना आता इच्छाच करता येत नाही आणि घरीही जाता येत नाही. शेवटी स्वतःचं नाव तेवढं उरतं. मग तो जमिनीखालच्या एका खाणीत विसरलेल्या स्वप्नांची चित्रं उकरत राहतो आणि त्याला एक चित्र सापडतं: बर्फात गोठलेला एक माणूस. ते त्याचे वडील, आणि त्या क्षणी त्याचं स्वतःचं नावही जातं. ते चित्र घेऊन तो परत फिरतो. घरी येतो, वडिलांना सगळं सांगतो, आणि बायको गेल्यापासून मुलाशी धड न बोललेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं.

आता सांगा, पोरांना पळवून लावणं कुठे आणि वडिलांच्या डोळ्यातलं पाणी कुठे. एन्डे यांनी आपलं नाव सिनेमावरून काढा म्हणून सांगितलं, कोर्टात गेले, हरले. माझ्या मते त्यांचं दुःख खरं होतं. त्यांनी लिहिलं होतं कल्पनेच्या जगातून परत येण्याबद्दल, आणि सिनेमाने त्या जगाचं शस्त्र करून दिलं.

इथे ब्लूटेनबुर्ग नावाच्या जुन्या गढीत जगभरच्या मुलांच्या पुस्तकांचं मोठं ग्रंथालय आहे, त्यातच एन्डे यांच्या वस्तूंचं लहानसं संग्रहालय आहे. कोणी म्युनिकला आलात तर स्टुडिओतला ड्रॅगन आणि ही गढी, दोन्ही मुलांना दाखवा. आधी गढी.

---

रानवाट | १३ जून, सकाळी ८:०५

इसारकाठ, मी हा सिनेमा निदान पाच वेळा पाहिलाय आणि दुसऱ्या अर्ध्याची मला कल्पनाच नव्हती. आज पुस्तक मागवतो.

---

पुस्तकपेटी | १३ जून, दुपारी १:३०

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत ग्रंथालय बघते. पाचवी ते आठवीची मुलं. दरवर्षी पावसाळ्यात आम्ही एक पुस्तक आणि त्याचे सिनेमे असं लावतो. गेल्या वर्षी 'जंगल बुक' घेतलं होतं. लेखक रुडयार्ड किपलिंग मुंबईचा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात १८६५ साली जन्मलेला, आणि गोष्ट आपल्या शेजारच्या सिवनीच्या रानातली. मुलांना वाटत होतं की मोगली आपल्याला ठाऊक आहे. कारण आईबापांनी दूरदर्शनवरची मालिका पाहिलेली, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, गाणं तर सगळ्यांना येतं.

वाचायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात वाद. का नावाचा अजगर! १९६७ च्या कार्टूनमध्ये तो मोगलीला भुरळ घालून गिळायला बघतो, २०१६ च्या सिनेमातही तो भक्षकच. पुस्तकात का हा मोगलीचा गुरू आहे. माकडं मोगलीला पळवून ओसाड नगरीत नेतात तेव्हा बगीरा आणि बल्लू कमी पडतात आणि हा अजगरच येऊन त्याला सोडवतो. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, साप दिसला की तो वाईटच, असं त्यांनी का ठरवलं?" आमच्याकडे शेतात साप निघतात, पोरांना धामण आणि घोणस वेगळी ओळखता येते. त्या पोराला तो खरोखरच अन्याय वाटला होता. आणि माकडांचा राजा म्हणून दाखवलेला ओरँगउटान पुस्तकात कुठेच नाही. भारतात तो प्राणी नाहीच.

शेवटाबद्दल बोलायचं तर या एकाच गोष्टीला तीन शेवट आहेत. कार्टूनमध्ये पाणी भरायला आलेल्या मुलीच्या मागे मोगली गावात जातो. २०१६ मध्ये तो रानातच राहतो. पुस्तकातल्या शेरखानच्या गोष्टीत तो म्हशींचा कळप ओहोळातून पिटाळून वाघाला तुडवून मारतो, कातडं सभेच्या खडकावर पसरतो. पण तोवर गावाने त्याला दगड मारून हाकललेलं असतं आणि कळपानेही आधीच नाकारलेलं असतं. ना गावाचा, ना रानाचा. चार लांडगेभावांबरोबर तो एकटा शिकारीला निघतो.

मी मुलांना हात वर करायला सांगितले. कार्टूनच्या शेवटाला दोन-तीन. २०१६ च्या शेवटाला बरेच. पुस्तकाच्या शेवटाला आठ हात वर झाले, आणि ते आठही जण वसतिगृहातले होते किंवा ऊसतोडणीच्या हंगामात आजीकडे राहणारे. मी त्यावर काही बोलले नाही. एकजण एवढंच म्हणाला, "त्याच्याबरोबर चार भाऊ आहेत की."

अस्मानीताई, दुःख पेलवतं हे खरं आहेच. पण काही पोरांना ते दुःख आधीच माहीत असतं. आपलं कोणीतरी पुस्तकात लिहून ठेवलंय, हे त्यांना तिथे सापडतं.

---

अस्मानी | १३ जून, दुपारी २:१५

पुस्तकपेटी, तुमची ही पोस्ट मी दोनदा वाचली. आठ हातांची गोष्ट विसरणार नाही.

---

चांदणवेल | १३ जून, सायंकाळी ६:५०

शेवट बदलण्याची खोड किती जुनी आहे त्याचं उदाहरण: 'द विझर्ड ऑफ ऑझ'. बॉम यांचं पुस्तक १९०० चं, सिनेमा १९३९ चा. पुस्तकातले रुपेरी जोडे सिनेमात माणकांचे झाले, कारण नवं रंगीत तंत्र आलं होतं आणि लाल रंग पडद्यावर उठून दिसतो. हा बदल मला मनापासून आवडतो. करड्या कॅन्ससमधून दार उघडून डोरोथी नावाची मुलगी ऑझच्या रंगांत पाऊल टाकते तो क्षण पुस्तकाला शब्दांत देता येणारच नाही.

पण सिनेमात शेवटी ती पलंगावर जागी होते आणि सगळं स्वप्न ठरतं. पुस्तकात ते स्वप्न नाही! ती परत येते तेव्हा काकांनी नवं घर बांधलेलं असतं, कारण जुनं वावटळीत खरंच उडून गेलेलं असतं. आणि तिच्या पायांत नुसते मोजे असतात, जोडे वाळवंटावरून येताना पडलेले. नवं घर आणि जोड्यांविना पाय, एवढे दोनच पुरावे. मुलांना हे पुरावे फार महत्त्वाचे असतात. "ते स्वप्न होतं" म्हणणं म्हणजे त्यांनी जीव लावून ऐकलेलं सगळं खोटं ठरवणं.

---

मधलीसुट्टी | १३ जून, रात्री ११:३०

बराच वेळ लिहावं की नाही विचार करत होते.

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याचे बाबा गेले. तीन-चार महिन्यांनी, त्याचं मन रमावं म्हणून मी एक सिनेमा लावला, 'ब्रिज टू टेराबिथिया'. पोस्टरवर राजवाडा, राक्षस, उडणारे प्राणी. जाहिरातही तशीच होती, अद्भुत राज्यातल्या साहसाची. मला वाटलं दोन तास बरे जातील. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. ती मैत्रीण मरते. अचानक, पडद्याबाहेर, ओढ्यात पडून. तो मुलगा घरी येतो आणि घरातले लोक नुसते त्याच्याकडे बघत उभे असतात.

मी रिमोट शोधत होते. मुलाने माझा हात धरला आणि बंद करू दिलं नाही. नंतर तो खूप रडला, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. ते चांगलं झालं की वाईट हे मला आजही सांगता येत नाही. पण निर्णय माझा असायला हवा होता, आणि जाहिरातीने तो माझ्याकडून काढून घेतला. इथे सगळे "खरा शेवट दाखवा" म्हणतायत. दाखवा जरूर, पण दारावर खरं लिहा. ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्या घरासाठी तरी.

---

इसारकाठ | १४ जून, पहाटे १:२०

मधलीसुट्टीताई, लिहिलंत म्हणून आभार. तुमचं म्हणणं पूर्ण पटतं.

त्या पुस्तकामागची एक गोष्ट तुम्हाला माहीत असावीशी वाटते. कॅथरीन पॅटरसन यांनी ते १९७७ साली लिहिलं, कारण त्यांच्या लहान मुलाची, डेव्हिडची, जिवाभावाची मैत्रीण वीज पडून गेली होती आणि त्याला कसं समजवावं हे आईला कळत नव्हतं. तोच डेव्हिड मोठा झाल्यावर २००७ च्या सिनेमाच्या पटकथालेखकांपैकी एक होता. पटकथा घेऊन फिरताना काही निर्मात्यांनी त्याला सुचवलं होतं, की मुलगी मरायला नको, कोमात जाऊ दे आणि परत येऊ दे. त्याने ऐकलं नाही. त्याची मैत्रीण परत आली नव्हती.

म्हणजे सिनेमा करणाऱ्याने खरं सांगितलं आणि विकणाऱ्याने लपवलं. तुमचा राग योग्य ठिकाणी आहे.

---

मधलीसुट्टी | १४ जून, सकाळी ७:१०

हे मला ठाऊक नव्हतं. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. त्याला आज सांगेन.

---

रानवाट | १४ जून, सकाळी ९:४०

मधलीसुट्टी, तुमची पोस्ट वाचून माझं पहिल्या दिवशीचं मत बदललं नाही, पण नीट मांडता आलं नव्हतं ते आता कळतंय. शेवट गोड की कडू याहीपेक्षा, सिनेमा मुलाशी प्रामाणिक आहे का, हे बघायला हवं.

अप्रामाणिकपणाचं एक उदाहरण म्हणून २००७ चाच 'द गोल्डन कंपास' घ्या. फिलिप पुलमन यांच्या पुस्तकाच्या शेवटी लायरा ज्या मित्राला वाचवायला उत्तर ध्रुवाकडे निघालेली असते, त्याला तिच्याच वडिलांच्या हाती पोचवते, आणि ते त्याचा बळी देऊन आकाशात दार उघडतात. सिनेमा त्याच्या जरा आधीच, सगळे आनंदात फुग्याच्या हवाई जहाजातून निघालेत तिथे संपवला. उरलेलं पुढच्या भागात दाखवू म्हणून राखून ठेवलं आणि पुढचा भाग कधी निघालाच नाही. त्यामुळे पडद्यावरची ती मुलगी कायमची त्या हवाई जहाजात हसत बसली आहे. २०१९ च्या मालिकेने तो शेवट दाखवला तेव्हा माझ्या भाचीने, जी सिनेमा पाहून मोठी झाली, मला फोन करून विचारलं होतं, "मामा, हे आधीपासून असंच होतं?"

---

हावडापूल | १४ जून, दुपारी ४:००

आमची तिसरी पिढी कोलकात्यात. घरी मराठी, बाहेर बांगला. धागा वाचून वाटलं, सगळे बदल मोडतोडीचेच सांगतायत, म्हणून एक उलटं उदाहरण देतो.

'गुपी गाइन बाघा बाइन', १९६९. सत्यजित राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर यांनी, ही गोष्ट लिहिली १९१५ च्या सुमारास, स्वतःच्याच 'संदेश' या मुलांच्या मासिकात. नातवाने सिनेमा केला, कारण त्याच्या लहान मुलाने हट्ट धरला होता की बाबा, आमच्यासाठी काहीतरी करा. आजोबा, नातू आणि पणतू, अशा तिघांचा हात लागलेला सिनेमा आहे हा.

गोष्ट साधी. एकाला गाता येत नाही, एकाला ढोल वाजवता येत नाही, दोघांनाही गावाने हाकललेलं. बांबूच्या रानात भुतांचा राजा प्रसन्न होतो आणि तीन वर देतो: हवं ते खायला-ल्यायला, जोडे घालून टाळी दिली की हवं तिथे जायला, आणि ऐकणारा जागच्या जागी थिजेल असं गाणं-बजावणं. आता राय यांनी काय केलं बघा. कथेत भुतं आहेतच. पण त्यांनी भुतांचा साडेसहा मिनिटांचा नाच घातला. भुतांचे चार वर्ग: राजे-रजवाडे, साधी कष्टकरी माणसं, टोपीवाले साहेब आणि ढेरपोटे. प्रत्येकाला कर्नाटक संगीतातलं एक तालवाद्य: मृदंगम, खंजिरा, घटम, मोरचंग. सूर एकही नाही, नुसता ताल. आधी सगळे आपापले नाचतात आणि मग आपसात भांडून मरतात. माझ्या पाच वर्षांच्या नातवाला त्यातलं इतिहासाचं काही कळत नाही, पण नाच सुरू झाला की तो ताट वाजवायला लागतो.

आणि शेवट! उपाशी सैन्य उंटांवर बसवून युद्धाला काढलंय, जैसलमेरच्या वाळूत. गुपी गातो आणि आकाशातून मिठाईची मडकी उतरतात. सैनिक हत्यारं टाकून रसगुल्ल्यांकडे धावतात. युद्ध संपलं. पूर्ण सिनेमा कृष्णधवल, कारण रंगीत फिल्मसाठी पैसे नव्हते. फक्त शेवटचा प्रसंग रंगीत.

हाही गोड शेवटच आहे, अगदी रसगुल्ल्याचा. पण तो आधीच्या सगळ्यातून निघालेला आहे. हे लोक लढतात कारण त्यांच्या पोटात अन्न नाही, हे सिनेमा आधी दाखवतो आणि मग अन्न देतो. तुमच्या त्या सिनेमातली चेटकीण वेळेवर आली, एवढंच. मडकी वेळेवर आली नाहीत, ती त्या वरदानातच होती.

---

चांदणवेल | १४ जून, सायंकाळी ५:१५

हावडापूल, शेवटचं वाक्य फार आवडलं.

यावरून मनात आलं, मराठीत हे पडद्यावर का झालं नाही? आपल्याकडे अद्भुत सगळं रंगमंचावर गेलं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी. मी भाच्यांना घेऊन गेले होते. चेटकीण प्रेक्षकांशी बोलते आणि सगळं थिएटर ओरडून उत्तर देतं. तिथे मूल एकटं नसतं, रानवाट म्हणतात तसं अंधारात अडकलेलं नसतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पडद्यावर आला, पण तो साहसाचा, आणि २०१७ मध्ये तर मोठा होऊन आला. राक्षस, परी, बोलणारी झाडं असलेली मराठी गोष्ट, राय यांच्यासारखी आपल्या मातीतली, कोणीतरी करायला हवी. त्यासाठी संगणकावरची महागडी चित्रं लागतीलच असं नाही. साडेसहा मिनिटांचा ताल लागेल.

---

पुस्तकपेटी | १४ जून, रात्री ८:३०

चांदणवेल +१. आणि हावडापूल, यंदा श्रावणात शाळेत 'गुपी बाघा' लावते. बांगला येत नाही, मधे थांबवून सांगत जाईन.

---

अस्मानी | २३ जून, रात्री १०:१०

दहा दिवसांनी येतेय. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या.

'द विचेस'चा २०२० चा झेमेकिस यांचा सिनेमा पाहिला. गोष्ट अमेरिकेत अलाबामात नेली आहे, पण शेवट राखलाय, मुलगा उंदीरच राहतो. लेक शांतपणे बघत होती. संपल्यावर म्हणाली, "शेवट बरोबर आहे. पण चेटकिणीच्या हाताला तीनच बोटं का?" पुस्तकात बोटांच्या जागी मांजरासारख्या नख्या आहेत. जन्मतः बोटं कमी असलेल्या लोकांना या बदलाने दुखावलं होतं आणि सिनेमावाल्यांना जाहीर माफी मागावी लागली, हे मी तिला सांगितलं. तिच्या वर्गात एका मुलाचा हात तसा आहे. ती म्हणाली, त्याला हा सिनेमा दाखवायचा नाही, पुस्तक द्यायचं. दुसऱ्या दिवशी खरंच दप्तरात घालून घेऊन गेली. मुलगा इंग्रजी वाचतो, त्यामुळे आता मधल्या सुट्टीत दोघं खुणा तपासत फिरतात, असं कळलंय.

दुसरी गोष्ट इसारकाठसाठी. 'नेव्हरएंडिंग स्टोरी' सुरू केलं. मी तोंडी मराठी करतेय. प्रत्येक प्रकरणाचं पहिलं अक्षर ओळीने येतं हे सांगितल्यावर लेकीने अट घातली, की मग आपलंही 'क'पासून आलं पाहिजे. त्यामुळे मला आदल्या रात्री पहिलं वाक्य जुळवून ठेवावं लागतं. क, ख, ग, घ झालं आणि पाचव्या रात्री गाडी अडली: 'ङ'ने कोणता शब्द सुरू होतो? मी म्हटलं, ङ, ञ, ण, ळ यांनी शब्द सुरूच होत नाहीत, ती आपण सोडून देऊ.

ती विचारात पडली. त्या पुस्तकात अद्भुत देशाला एक 'शून्य' गिळत चाललेलं असतं, जिथे ते पोचतं तिथे काहीच उरत नाही. थोड्या वेळाने पांघरुणातून आवाज आला, "सोडायची नाहीत. त्यांचे पहिले शब्द त्या शून्याने खाल्लेत. शेवटच्या प्रकरणात आपण परत आणू."

आता सव्वीस रात्री संपायच्या आत 'ळ'ने सुरू होणारा एक शब्द हवा आहे. नवा चालेल. सुचवा.

---

इसारकाठ | २४ जून, पहाटे १:४५

मुलीला उठवून सांगितलं. ती म्हणते, सम्राज्ञीचं नवं नावच 'ळ'ने सुरू करा.